तापीचा गाळ: भुसावळचा काळा, खाडीचा काळा

भुसावळपाशी तापीचा गाळ काळा दिसतो तो बसाल्टवरच्या, म्हणजे लाव्हाच्या काळ्या खडकावरच्या, काळ्या मातीमुळे. सुरतेपुढे खाडीत तोच गाळ आणखी काळा होतो, पण कारण वेगळं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण २.७ ग्रॅम सल्फेट असतं. चिखलातला ऑक्सिजन संपला की जिवाणू त्याऐवजी सल्फेटवर श्वास घेतात, हायड्रोजन सल्फाइड सोडतात. मातीतलं लोह ते पकडतं आणि काळं आयर्न सल्फाइड होतं. पुढे त्याचं पायराइट, म्हणजे लोह-गंधकाचं टिकाऊ खनिज.

या चिखलातले धातू मोजायला घेतलेला नमुना बिघडतो तो बाटलीत. अर्धी भरली तर वरच्या हवेनं चिखल तांबूस पडतो, सल्फाइडला अडकलेले धातू सुटतात; मग आकडे काय चाटायचे? काठोकाठ भरा, घट्ट झाकण लावा, बर्फात ठेवा. काळेपणा सल्फाइडचाच का अशी शंका असेल तर चिमूटभर चिखलावर, उघड्यावर, विरळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका. नुसता फेस म्हणजे चुनखडी. सडक्या अंड्याचा वास म्हणजे सल्फाइड. नाक जवळ नेऊ नका, तो लांबूनही येतो.