न पाहिलेली सुई

सोमवार, रात्री पावणेबारा

आज सकाळी रक्त देऊन आले. उपाशीपोटीची साखर, कोलेस्टेरॉल, किडनीच्या दोन-तीन तपासण्या, वर्षातून एकदा करायच्या त्या. सगळं मिळून चार मिनिटांचं काम. आणि आत्ता, सोळा तासांनी, दिव्याखाली हात धरून कोपराच्या खळगीतला टाचणीच्या टोकाएवढा ठिपका बघत बसले आहे.

झालं असं की मी बघितलंच नाही. सुई दिसली की माझी मान आपोआप दुसरीकडे वळते, लहानपणापासून. समोर पंख्याचा रेग्युलेटर होता, त्याच्यावरचे आकडे वाचले, एक ते पाच. मग उलटे वाचले. तेवढ्यात "झालं" असं ऐकू आलं. त्यामुळे सुई लॅबमधल्या रक्त घेणाऱ्या मुलाने माझ्यासमोर फोडली, की आधीच फोडून ठेवलेली होती, की (आणि सोळा तास इथेच अडकले आहेत) माझ्या आधी उठून गेलेल्या आजोबांसाठी फोडलेली होती, यातलं मला काहीही ठाऊक नाही.

जे बघितलं ते मात्र नको इतकं लख्ख आठवतंय. आजोबा खुर्चीतून उठले, मी बसले. त्या मुलाच्या हातात ग्लोव्हज होते, तेच राहिले. त्याच हातांनी त्याने कीबोर्डवर माझं नाव टाइप केलं. फोन वाजला, तो खिशातून काढला, "हो हो, निघालंय सॅम्पल" म्हणाला, परत खिशात टाकला. मग दंडाला रबरी पट्टा आवळला. पट्ट्याच्या कडेला एक डाग होता, तपकिरी, वाळलेला, मसुराच्या दाण्यापेक्षाही लहान. गंजाचा असेल, आयोडिनचा असेल, असं मी त्या क्षणी स्वतःला सांगितलं. रबराला गंज चढत नाही हे घरी आल्यावर सुचलं. स्पिरिटचा बोळा दोनदा फिरवला, आणि ओल्या कातडीवरच पुन्हा बोट दाबून शीर चाचपली. "हलतेय शीर," म्हणाला. मी रेग्युलेटरकडे वळले.

आणि एक शब्द बोलले नाही! फाटकी नोट हातात आली तर दुकानदाराला तिथल्या तिथे परत देणारी मी. पण "दादा, ग्लोव्हज बदलता का जरा?" एवढं तोंडातून निघालं नाही. भीड. ज्याच्या हातात आपला दंड आहे आणि दुसऱ्या हातात सुई, त्याला दुखवायला नको ही एक भीती. आणि त्याहून मोठी अशी की सुई नवी आहे ना असं विचारणं म्हणजे समोरच्या माणसावर केवढा मोठा आळ घेणं. तेव्हा वाटलं, चांगल्या घरची माणसं असं विचारत नाहीत. आता वाटतंय, चांगल्या घरची माणसं मग रात्री पावणेबाराला हात बघत बसतात.

मंगळवार, पहाटे साडेचार

मन चिंती ते वैरी न चिंती. फोन हातात घ्यायला नको होता, घेतला.

वाचलेलं लिहून काढते, म्हणजे डोक्यातून निघेल. बाधित माणसाच्या रक्ताने माखलेली सुई टोचली तर एचआयव्ही लागण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के, म्हणजे तीनशेत एक. हिपॅटायटिस सी साठी हा आकडा दोन टक्क्यांच्या आतच. हिपॅटायटिस बी मात्र, लस घेतलेली नसेल तर, ६ ते ३० टक्के. आणि हा बी चा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागात सात दिवस तग धरू शकतो. सात दिवस! पट्ट्यावरचा तो डाग किती दिवसांचा होता कोण जाणे.

एचआयव्हीसाठी प्रतिबंधक गोळ्या असतात. त्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, जितक्या लवकर तितकं बरं, आणि २८ दिवस घ्यायच्या. हे वाचल्यापासून डोक्यात घड्याळ सुरू झालं. सुई टोचली सोमवारी सकाळी आठच्या सुमाराला. म्हणजे गुरुवारी सकाळी आठ. वहीच्या मागच्या पानावर ही वजाबाकी तीन वेळा केली आहे, जणू एकदा तरी उत्तर वेगळं येईल.

ठिपक्याभोवती निळसर डाग उमटलाय. काल नव्हता.

मंगळवार, रात्री

ताईला फोन केला. तीस वर्षं नर्स म्हणून नोकरी केलेली बाई, तिला सकाळी सातला फोन करायला काही वाटलं नाही. माझं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही हसली नाही, याबद्दल तिचे उपकार.

मग म्हणाली, "तू चार गोष्टींचं एकच गाठोडं केलंयस. सोड ते."

तिचं म्हणणं असं. ग्लोव्हज न बदलणं, साफ केलेल्या जागेवर पुन्हा बोट लावणं, स्पिरिट ओलं असताना टोचणं, हे सगळं चुकीचं, आणि चुकीचंच म्हणायचं. स्पिरिट अर्धा मिनिट लावायचं आणि अर्धा मिनिट वाळू द्यायचं असतं. जंतू मरायला तेवढा वेळ लागतो, फिरवला बोळा की झालं असं नसतं. पण या हलगर्जीपणाने होणारा त्रास बहुतेक कातडीवरच्या जंतूंचा. म्हणजे टोचलेली जागा लाल होणं, गरम लागणं, सुजणं, पू होणं, कधी ताप. हे झालं तर दोन-चार दिवसांत दिसतं, लपून राहत नाही. पट्ट्यावरचा डाग किळसवाणा खरा, तो पट्टा फेकायलाच हवा होता, पण तो तुझ्या न फाटलेल्या कातडीवर आवळला होता. "दंडावर ओरखडा होता का?" नव्हता. रात्री भिंग घेऊन बघितलंय, हे तिला सांगितलं नाही.

"उरली सुई," ती म्हणाली. "ते तुझे टक्के आहेत ना, ते सगळे 'वापरलेली सुई' इथून सुरू होतात. त्याही आधी, 'ज्याला वापरली त्याला आजार होता' इथून. तुझ्याकडे यातलं काय आहे? तू बघितलं नाहीस, एवढंच."

मग तिने सुईचं सांगितलं. रक्त थेट ट्यूबमध्ये घेतात ती सुई पाकिटात येत नाही. प्लॅस्टिकच्या दोन तुकड्यांच्या नळीत येते, सांध्यावर कागदी सील असतं. नळी पिळली की सील फाटतं आणि कट् असा बारीक आवाज होतो. सुईला दोन टोकं असतात, एक आपल्या शिरेत जातं, दुसरं ट्यूबच्या बुचात. रंगीत बुचाच्या त्या ट्यूबमध्ये हवा काढून घेतलेली असते, म्हणून रक्त आपसूक ओढलं जातं. वापरून झाली की सुई टोपण न लावता सरळ जाड प्लॅस्टिकच्या डब्यात टाकायची. "पुन्हा टोपण लावायला गेलं तर आमच्याच बोटात घुसते गं. ती जपून परत वापरायची म्हणजे त्याला नवीपेक्षा जास्त उपद्व्याप." हा मुद्दा मला सगळ्यात जास्त पटला. माणूस तत्त्वापेक्षा कंटाळ्यामुळे जास्त भरवशाचा असतो.

तरी मी म्हटलं, आजच सगळ्या टेस्ट करून टाकू का? त्यावर मात्र ती वैतागली. "आज केल्यास तर जुनं काही असेल ते कळेल, सोमवारचं कळणार नाही." एचआयव्हीच्या नेहमीच्या लॅब तपासणीला भरवशाचं उत्तर द्यायला ४५ दिवसांपर्यंत लागू शकतात, हिपॅटायटिस सी ची अँटिबॉडी दिसायला दोन-अडीच महिने. "आधी जाऊन विचार. उत्तर गोलमाल वाटलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, ७२ तासांची वाट बघत बसू नकोस. नाहीतर कशाची टेस्ट करतेयस तू, तुझ्या मानेची?"

आणि हिपॅटायटिस बी ची लस? हे तिनेच विचारलं, कारण कधी काळी तिनेच मागे लागून द्यायला लावली होती. कपाटातल्या फायलीत कार्ड सापडलं. पहिला डोस, एक महिन्याने दुसरा. सहा महिन्यांनंतरच्या तिसऱ्या डोसची जागा कोरी. नऊ वर्षं कोरी! फोनवर काही क्षण शांतता. मग म्हणाली, पुन्हा पहिल्यापासून घ्यायची गरज नसते, राहिलेला तिसरा घेऊन टाक. आवाज असा की पुढचं बोलायची माझी छाती झाली नाही.

डागाभोवती बॉलपेनने गोल काढून ठेवायला सांगितलाय. लाली गोलाबाहेर पसरली, हात गरम लागला, तर डॉक्टर. काढला. माझ्या हातावर आता एक वेडंवाकडं बेट आहे.

दुपारी लॅबमधून फोन. सॅम्पल हिमोलाईज झालंय, उद्या परत यावं लागेल, जास्तीचे पैसे नाहीत. हिमोलाईज म्हणजे तांबड्या पेशी फुटल्या. पेशीतलं पोटॅशियम बाहेर सांडतं आणि रिपोर्टमध्ये ते खोटंच वाढलेलं दिसतं. ताईला कळवलं तर ती जवळजवळ खूश झाली. "स्पिरिट वाळू न देता टोचलं की असंही होतं. पट्टा जास्त वेळ आवळून ठेवला तरी होतं. एकट्या स्पिरिटवर ढकलता येणार नाही, पण बघ."

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तक्रारीच्या बाजूने माझ्या रक्ताने साक्ष दिली.

बुधवार, दुपार

सकाळी उठून आधी हात बघितला. निळा डाग गोलाबाहेर गेलेला! पोटात खड्डा. मग दुसऱ्या हाताचा पालथा पंजा लावून बघितला. गरम नाही, सूज नाही, दुखत नाही, आणि बाहेर गेलेली कड लाल नव्हे तर पिवळट-हिरवी. साधं काळंनिळं. सोमवारी बोळ्यावर हात घडी करून बसले होते, त्याने असं होतं म्हणे. हात सरळ ठेवून बोळा दाबून धरायचा असतो.

वाटेत वाक्यं घोळवली. "एक विचारू का, राग मानू नका." नको, फार मवाळ. "सोमवारी सुई नवीन होती का?" नको, पोलिसी वाटतं. शेवटी खुर्चीत बसल्यावर जे तोंडातून निघालं ते यातलं काहीच नव्हतं. म्हटलं, "दादा, मला भीती वाटते. मी सोमवारी बघितलं नव्हतं. सुई माझ्यासमोर उघडाल का?"

तो रागावला नाही, दचकलाही नाही. "सगळ्यांसमोरच उघडतो मॅडम, लोक बघत नाहीत." टेबलाखालचा डबा पायाने पुढे सरकवला. धूसर प्लॅस्टिकमधून आतल्या सुया दिसत होत्या. "रोज किती माणसं, तेवढ्या यात पडतात."

बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की तिथेच थांबणार होते. पण ताईचा आवाज कानात होता. "आणि ग्लोव्हज?"

आता मात्र तो लगेच बोलला नाही. हातांकडे बघितलं. "गर्दीत राहून जातं कधीकधी," म्हणाला, आणि ते काढून डब्यात टाकले, हात धुतले, नवे चढवले. म्हणजे ज्या गोष्टीने मला दोन रात्री जागवलं तिथे तो चोख होता, आणि जी मी 'असू दे' म्हणून सोडून दिली होती तिथेच चुकत होता. पट्ट्यावरचा डाग दाखवला. त्याने नखाने खरवडून बघितला, तोंड वाकडं केलं आणि खणातून दुसरा पट्टा काढला. डाग कशाचा होता हे त्यालाही सांगता आलं नाही.

या वेळी उजवा हात. बोळा नीट चोळला, मग थांबला. मीही थांबले. अर्धा मिनिट फार मोठं असतं, दोन अनोळखी माणसं एका ओल्या कोपराकडे बघत बसलेली. मग त्याने नळी माझ्यासमोर धरली, कागदी सील दाखवलं, पिळलं. कट्.

तो आवाज ऐकल्यापासून सोमवार आठवायचा प्रयत्न करतेय. रेग्युलेटर, एक ते पाच, पाच ते एक, आणि मध्ये कुठेतरी कट्. झाला होता आवाज. आता तर अगदी स्पष्ट ऐकू येतोय. पण काल रात्रीपर्यंत तो माझ्या आठवणीत नव्हता, तेव्हा त्याची साक्ष मी धरत नाही. त्या मुलाच्या बोलण्याची धरते, आणि डब्याची. डॉक्टरांकडे जाणार नाहीये.

शनिवार

रिपोर्ट आला. पोटॅशियम ठीक, साखर ठीक, कोलेस्टेरॉलबद्दल इथे लिहीत नाही. पेनचा गोल पुसट झालाय, साबणाने जात नाही. गुरुवारी सकाळचे आठ कधी वाजून गेले ते दुपारी लक्षात आलं.

आज हिपॅटायटिस बी चा तिसरा डोस घेतला. कार्डावरची कोरी जागा भरली, फोटो ताईला पाठवला, तिचा नुसता अंगठा आला. सिरिंजचं पाकीट माझ्यासमोर फोडायला सांगितलं, सिस्टरने फोडलं. फुटेपर्यंत बघितलं. मग मान वळवली.