दिवे घाट, काकांच्या चिठ्ठीसोबत

काका गेल्यानंतरची ही पहिली वारी. पुण्याहून सासवडला निघताना खिशात त्यांच्या हातची चिठ्ठी होती. निवृत्त होईपर्यंत त्यांनी मुंबईत कंपन्यांच्या विलीनीकरणाची कामं केली. कागद हातात आला की आधी व्याख्या वाचायचे. चिठ्ठीची सुरुवातही तशीच: नुसता दिंडीचा नंबर सांगू नये, रथापुढे की रथामागे ते आधी. दोन्हीकडचे नंबर १ पासूनच सुरू होतात, त्यामुळे चुकलेला माणूस विचारत विचारत भलत्याच दिंडीत पोचतो. म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत एक कागद ठेवायचा: नंबर, रथाची बाजू, ट्रकचा नंबर, घरचा फोन.

हा टप्पा तीस किलोमीटरच्या आसपासचा. हडपसरनंतर वडकी नाल्याला विसावा असतो. मोजे इथेच बदलायचे, घाट चढून गेल्यावर नाही. ओल्या मोज्यात कातडी मऊ पडते, चढावर टाच घासते आणि फोड येतो. आलाच तर उकळलेल्या सुईनं कडेला टोचून पाणी काढावं, वरची कातडी सोलू नये. जलसंजीवनीचं मोठं पाकीट पुरत्या एक लिटर पाण्यात मिसळायचं. अर्ध्या बाटलीत ओतलं तर उलट त्रास होतो.

घाटात रथाला जादा बैलजोड्या लावतात, त्यामुळे मागच्या दिंड्यांची चाल मंदावते. त्या वेळात काका तेव्हाच्या, १९५६च्या कंपनी कायद्याचं कलम ३९१, म्हणजे विलीनीकरणाच्या योजनेला सभेत मंजुरी कशी मिळायची ते, समजावून सांगायचे. सभेला हजर राहून मत देणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त डोकी लागायची, आणि त्यांच्याकडच्या शेअर्सच्या किंवा येण्याच्या मूल्यानं तीन-चतुर्थांश. दोन्ही लागायचं. नवखे वकील गैरहजरांनाही धरायचे, तिथे हिशेब चुकायचा. घरी मात्र काका फक्त डोकी मोजायचे. सुट्टीत कुठे जायचं यात आजीचं आणि धाकटीचं मत सारखंच.

मुक्कामी समाजआरतीला, म्हणजे सगळ्या दिंड्यांच्या एकत्र आरतीला, चोपदारांनी दंड उंचावला की टाळ थांबतात. ज्या दिंडीचं गाऱ्हाणं असेल ती वाजवतच राहते, आणि चोपदार तिथे जाऊन ऐकून घेतात. मग हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारल्या जातात. साऱ्या वारीत काकांना हे सगळ्यात प्रिय. न अर्ज, न तारीख, आणि सुनावणी सगळ्यांसमोर.

आरती झाली की ते काकूंना फोन करायचे. तीनच गोष्टी सांगायचे: पोचलो, पाय ठीक, गोळी घेतली. यंदा फोन मी केला. काकूंनी पहिलंच विचारलं, "मोजे वडकीला बदललेस ना?"