वेबसाइट तर चालू आहे की!

इंदुरात मी लहान धंदेवाल्यांच्या वेबसाइट सांभाळतो. नमकीनवाले, साड्यांचे दुकानदार, एकदोन दातांचे डॉक्टर, कोचिंग क्लास, एक मंगल कार्यालय, असं सगळं मिश्र खातं आहे. नवीन साइट बनवायची म्हटली की लोक खुशीने पैसे काढतात, पण बनवून झाल्यावर दर महिन्याला सांभाळायचे थोडे द्या म्हटलं की लगेच, "आता त्यात काय राहिलंय, बनली ना एकदा?" आणि गंमत म्हणजे हीच माणसं आरओची एएमसी भरतात, एसीची भरतात, तोलकाट्यावर वेळेवर शिक्का मारून घेतात. वेबसाइटचं मात्र डोक्यात असं बसलंय की दुकानाचा बोर्ड आहे तो, एकदा लावला की लावला.

साइट पूर्ण बंद पडली तर कुणीतरी सांगतंच हो, साडू सांगेल, शेजारचा दुकानदार सांगेल. अर्धवट बिघडली तर कोणीच सांगत नाही, हा खरा घोळ आहे. गिऱ्हाईक काही फोन करून कळवत नाही की तुमचा फॉर्म जात नाहीये, तो गपचूप मागे जातो आणि गूगलवरचं पुढचं नाव उघडतो. त्यामुळे मेंटेनन्स म्हणजे नुसतं अपडेटचं बटण दाबणं असं जे लोकांना वाटतं ना, ते माझ्या मते निम्मंही नाही, जास्त काम आहे ते गिऱ्हाईक बनून स्वतःची साइट उघडून बघायचं, आणि नेमकं तेच कोणी करत नाही.

ते मंगल कार्यालयच घ्या. तुळशीचं लग्न झालं, सीझन सुरू, फोन येतायत, पण वेबसाइटवरून एक चौकशी नाही. काका म्हणाले लोक आता वेबसाइट बघतच नाहीत रे, सगळं इन्स्टावर चालतं. मी तिथेच बसून फोनवर फॉर्म भरला, तारीख टाकली, पाचशे माणसं टाकली, सबमिट केलं तर छान हिरवी पट्टी आली की धन्यवाद, आम्ही लवकरच संपर्क करू. काकांचा इनबॉक्स उघडला, काही नाही. स्पॅममध्ये पण नाही.

कारण असं की बऱ्याच साइटवर फॉर्म ज्याने भरला त्याचाच जीमेल पत्ता मेल पाठवणाऱ्याच्या जागी लिहिला जातो, आणि प्रत्यक्षात मेल जातो हॉस्टिंगच्या, म्हणजे जिथे साइट भाड्याने ठेवलेली असते त्या कंपनीच्या, सर्व्हरवरून. म्हणजे पत्ता जीमेलचा आणि पाठवणारा भलताच, तर जीमेलला तो सरळसरळ तोतया वाटतो. पूर्वी असले मेल कसेबसे पोचायचे, पण फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने नियम कडक केलेत, तुमच्या डोमेनवर, म्हणजे साइटच्या नावावर, एसपीएफ किंवा डीकेआयएमची नोंद, म्हणजे मेल खरंच तुमच्याकडूनच आलाय याचा पुरावा, पाहिजे म्हणजे पाहिजे, आणि जीमेलच्या नावाने दुसऱ्याने पाठवलेला मेल आधीच संशयित. उपाय काही मोठा नाही, मेल आपल्याच डोमेनच्या पत्त्यावरून एसएमटीपीने, म्हणजे मेलच्या खात्यात रीतसर लॉगिन करून, पाठवायचा आणि गिऱ्हाईकाचा पत्ता उत्तर कुठे द्यायचं त्या रकान्यात टाकायचा. अर्ध्या तासाचं काम. पण आधी गेलेल्या चौकश्या गेल्याच, कारण त्यांचा फॉर्म नुसता मेल पाठवायचा आणि साइटवर काही ठेवायचाच नाही. म्हणून मी आता सगळ्यांकडे भरलेला फॉर्म डेटाबेसमध्येही साठवायची सोय करतो, आणि महिन्यातून एकदा स्वतः फॉर्म भरून बघतो, फोनवरून, कारण कॉम्प्युटरवर चालतो आणि फोनवर बटणच कीबोर्डच्या खाली लपतं असंही होतं.

दुसरा किस्सा शीतलामाता बाजारातला, साड्यांचं दुकान. शेठजी हिंदी बोलणारे, म्हणाले "भिया, साइट तो चल री है, देख लो", आणि खरंच चालत होती, माहेश्वरी साड्यांचे फोटो, नंबर, नकाशा, सगळं जागच्या जागी. मी गूगलमध्ये साइट कोलन आणि पुढे त्यांच्या वेबसाइटचा पत्ता असं टाकलं, म्हणजे गूगलकडे असलेली फक्त त्याच साइटची पानं दिसतात, आणि स्क्रीनभर जपानी अक्षरं. बूट, बॅगा, घड्याळं, पानामागून पानं. शेठजींनी दोनदा चष्मा पुसला. त्यांना वाटलं मी चुकून दुसरीच साइट उघडली.

हा प्रकार जगभर इतका कॉमन आहे की त्याला जपानी कीवर्ड हॅक असं नावच पडलंय. चोर साइटमध्ये घुसून हजारो खोटी पानं बनवतो आणि अशी चलाखी करतो की गूगलचा रोबो आला तर त्याला जपानी पान दाखवायचं आणि माणूस आला तर नेहमीची साइट. मालकाला महिनोन्महिने पत्ता लागत नाही. वर हे लोक सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटमालकांसाठीच्या गूगलच्या पॅनेलमध्ये, स्वतःला मालक म्हणून जोडूनही घेतात, इथेही एक अनोळखी जीमेल मालक म्हणून बसला होता. घुसायची वाट एक जुनं स्लायडरचं प्लगइन (साइटला जोडायचा छोटा प्रोग्राम), थीमसोबत, म्हणजे साइटच्या तयार डिझाइनसोबत आलेलं, ज्याचं लायसन्स थीम बनवणाऱ्याकडे होतं त्यामुळे शेठजींकडे अपडेट कधी आलंच नाही आणि डॅशबोर्डवर अपडेट बाकी असल्याचा लाल आकडाही दिसला नाही. साफसफाईला वेळ लागला, फाइली बदलल्या, सगळे पासवर्ड बदलले, अनोळखी मालक काढला, पण गूगलमधून ती पानं जायला त्यानंतरही बरेच आठवडे लागले. ही साइट-कोलनवाली तपासणी फुकट आहे, कोणालाही येते, आत्ता हे वाचता वाचता करून बघा.

अपडेटबद्दल थोडं सांगतो कारण त्यात दोन्ही टोकाचे लोक भेटतात. वर्डप्रेस, म्हणजे या साइट ज्या सॉफ्टवेअरवर बनतात ते, स्वतःचे छोटे सुरक्षेचे अपडेट २०१३ पासून आपोआप करतं, पण प्लगइनचं तसं नाही, ते सेटिंग आपण चालू करावं लागतं, सोय २०२० पासून आहे तरी बहुतेकांकडे बंदच असते. सप्टेंबर २०२० मध्ये फाइल मॅनेजर नावाच्या प्लगइनमध्ये भोक सापडलं, ७ लाखांहून जास्त साइटवर ते प्लगइन होतं, दुरुस्ती लगेच आली पण ज्यांनी अपडेट केलं नाही त्यांच्या साइटवर पुढे कितीतरी दिवस हल्ले चालू राहिले. तेव्हा अपडेट टाळायचं नाही. पण म्हणून धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी सगळं एकदम अपडेट मारायचं असंही नाही, आधी बॅकअप, मग एकेक प्लगइन, मग साइट उघडून बघायची, आणि शक्यतो आठवड्याच्या सुरुवातीला सकाळी, म्हणजे काही हललं तर निस्तरायला दिवस हातात असतो. जे प्लगइन वापरात नाही ते बंद करून ठेवू नका, काढूनच टाका. आणि हॉस्टिंगच्या पॅनेलमध्ये जाऊन पीएचपी (ज्या भाषेवर वर्डप्रेस चालतं ती) कुठलं आहे तेही बघा, ७.४ चा सपोर्ट नोव्हेंबर २०२२ मध्येच संपलाय तरी मला ते अजून सापडतं.

बॅकअप त्याच हॉस्टिंगवर ठेवला असेल तर तो बॅकअप नाही. खातं सस्पेंड झालं की साइटही गेली आणि बॅकअपही गेला. गूगल ड्राइव्हवर १५ जीबी फुकट मिळतात, लहान दुकानाच्या साइटला एवढं भरपूर झालं, एक कॉपी तिथे जाऊ द्या आणि वर्षातून एकदा तरी ती कुठेतरी उघडून बघा की खरंच उघडते का.

आता डोमेन. याच्यावर माझं सगळ्यात जास्त डोकं फिरतं. दहात आठ ठिकाणी, अंदाजाने म्हणतोय, मालकाला माहीतच नसतं की डोमेन कोणाच्या खात्यात आहे. भाच्याने घेतलेलं असतं किंवा डिझायनरने स्वतःच्या ईमेलवर, आणि तो भाचा आता पुण्याला नोकरीला, त्याने ते ईमेल उघडून युगं झाली. आयकॅनच्या, म्हणजे डोमेनचा जगभरचा कारभार बघणाऱ्या संस्थेच्या, नियमाने मुदत संपायच्या साधारण महिनाभर आधी आणि आठवडाभर आधी सूचना पाठवतात, पण ती जाते खात्यातल्या ईमेलवर, म्हणजे भाच्याकडे! डॉट कॉमचं असं असतं की मुदत संपल्यावर काही दिवस नेहमीच्या किमतीत रिन्यू करता येतं, हे किती दिवस ते ज्याच्याकडून घेतलंय त्याच्यावर, नंतर ३० दिवस रिडेम्प्शनचे, म्हणजे सोडवून घ्यायचे, त्यात चांगलाच दंड बसतो, नंतर ५ दिवस काहीच करता येत नाही आणि मग नाव सगळ्या दुनियेला खुलं. आणि डोमेन गेलं की नुसती साइट जात नाही, त्यावरचे ईमेलसुद्धा बंद, म्हणजे ज्या पत्त्यावर सीएने काही पाठवलं तेही गायब.

"ऑटो रिन्यू लावलंय ना" असं म्हणणाऱ्यांना मी विचारतो, कुठलं कार्ड? कारण १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की कार्डवरून आपोआप पैसे कापायचे तर ई-मँडेट, म्हणजे तुम्ही आधी नोंदवलेली परवानगी, पाहिजे, आधी कळवलं पाहिजे, आणि ठराविक रकमेच्या वर ओटीपी, ती मर्यादा आधी ५,००० होती, जून २०२२ मध्ये १५,००० केली. नियम गिऱ्हाईकाच्या भल्याचाच आहे, पण बाहेरदेशी कंपन्यांची कटौती तेव्हापासून बरेचदा अडकते, आणि अडकली की येणारा मेल परत भाच्याकडेच जातो. वर्षाचे हजार-दीड हजार रुपये, एकदम पाच वर्षांचे भरून टाका, डॉट कॉम जास्तीत जास्त १० वर्षांपर्यंत भरता येतं. आणि खातं स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या मोबाइल नंबरवर.

कुलपाच्या चिन्हाचं पण सांगून ठेवतो, म्हणजे एसएसएल सर्टिफिकेट, साइटशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित असल्याचा दाखला. फुकटवालं ९० दिवसांचं असतं आणि आपोआप नवीन होत राहतं, त्यामुळे सगळे विसरून जातात, आणि मग हॉस्टिंग बदललं किंवा डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेन कुठे वळतं त्या नोंदींमध्ये, कोणी हात घातला की ते नवीन होणं बंद पडतं आणि साइट उघडणाऱ्याला भलीमोठी धोक्याची पाटी दिसते. फुकट सर्टिफिकेट देणारी लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था आधी मुदत संपत आल्याचा मेल पाठवायची, ते जून २०२५ पासून बंद केलं. विकतची सर्टिफिकेटंसुद्धा आता आखूड होत चाललीत, १५ मार्च २०२६ पासून जास्तीत जास्त २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० आणि २०२९ पासून ४७. म्हणजे वर्षातून एकदा हाताने बसवायचे दिवस संपले, आपोआप होतंय का एवढंच बघायचं.

बाकी जे आहे ते टेक्निकल नाहीच. भाव जुने, दिवाळीची ऑफर होळीपर्यंत लटकलेली, दुकान मल्हारगंजातून सुदामानगरला गेलं पण नकाशा तिथलाच. २२ सप्टेंबर २०२५ पासून पॅकिंगच्या नमकीनवर जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला तर नमकीनवाल्यांनी दुकानातला रेट बोर्ड त्याच आठवड्यात बदलला, साइटवरची पीडीएफ मात्र तीच. व्हिजिटिंग कार्डावर तर मला अजून बिझनेस डॉट साइटवाले पत्ते दिसतात, ते गूगलचं फुकट पान होतं, मार्च २०२४ मध्ये गूगलने बंद केलं आणि जूनपर्यंत पत्ता दुकानाच्या गूगल प्रोफाइलवर (गूगल मॅपवर दिसतं ते) वळवत होते, त्यानंतर तेही बंद. कार्डं छापलेली आहेत, वाटणं चालू आहे.

कोणाकडून करून घ्यायचं असेल तर जरूर घ्या, पण एजन्सीला विचारा की महिन्याला नेमकं करणार काय, आणि लेखी घ्या. मी बघितलेल्या एका कोटेशनमध्ये सोशल मीडिया, लोगो रिफ्रेश, एसइओचं, म्हणजे गूगलमध्ये वर आणायचं, पॅकेज, सगळं होतं आणि बॅकअप हा शब्द नव्हता. माझं म्हणाल तर डोमेन, हॉस्टिंग, वर्डप्रेस आणि गूगल प्रोफाइल या चारांचे लॉगिन मालकाच्या वहीत असतील तर एजन्सी रोज बदलली तरी चालेल.

आणि नसेल झेपत तर साइट नको, हेही मी सांगतो, सराफ्यात, आमच्या इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, खाण्याची गाडी लावणाऱ्याला गूगल प्रोफाइल आणि व्हॉट्सॲप पुरे आहे. पण बंद करायची तर नीट करा, हॉस्टिंग सोडा, डोमेन नका सोडू, ते दोनचार वर्षं तरी भरत राहा आणि आपल्या गूगल प्रोफाइलवर वळवून ठेवा. सोडलेलं नाव भलताच माणूस घेतो, आणि त्या पत्त्यावरच्या ईमेलने तुमचं बँकेचं, जीएसटीचं काही जोडलेलं असेल तर ते आधी बदलून घ्या, मगच काय ते बंद करा.