वणवा गवतासाठी नव्हता

२०१९ चा एप्रिल. मी तेव्हा सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात वनरक्षक होतो, दहिवडीपासून पुढं डोंगराच्या अंगाला माझी बीट, म्हणजे राखायला दिलेलं रान. आदल्या साली पावसानं पाठ फिरवलेली, सरकारनं जे १५१ तालुके दुष्काळी जाहीर केले त्यात माण होताच. गावं टँकरवर, गुरं छावणीत, मग रानातल्या जीवांनी जायचं कुठं? घळीत वरच्या अंगाला आम्ही एक सिमेंटचा पाणवठा केला होता, तो टँकरनं भरायचो. आसपास दुसरं पाणीच नाही त्यामुळं ससे, खोकड, तितर सगळे तिथंच यायचे. चिंकारा एरवी पाल्यातल्या ओलीवर दिवस काढतो पण त्या साली पालाच कुठं होता, तो पण पाण्यावर यायला लागलेला. सकाळी चिखलातली पावलं बघितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

त्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला नानांचा फोन आला. नाना आमचे वनमजूर, साठीला टेकलेले.

"सायेब, लवकर या, घळीच्या खालनं पेटवलंय."

गाडी पायथ्याला टाकून पळत वर गेलो तोवर पेटलेल्या कुसळी गवताला वारा लागला होता, आणि वाळलेलं कुसळ चढावर एकदा पेटलं की जाळ माणसाला गाठू देत नाही. जाळ विझवायचा ब्लोअर दुसऱ्या बीटला गेलेला, मग कडुलिंबाचे ओले डहाळे मोडून झोडपायला लागलो. गावातली चार-पाच पोरं आपणहून आली, कुणी सांगितलं नव्हतं त्यांना, आजही आठवलं की भरून येतं.

मला वाटलं नेहमीचंच असणार, जुनं गवत जाळलं की नवं जोमानं फुटतं म्हणून लावली असेल कुणीतरी काडी. आपल्याकडं हा समज फार घट्ट बसलाय. अहो पहिल्या वळवातच उघड्या डोंगराची माती खाली येते, पुढं गवत कुठनं फुटणार?

पण नाना थांबले. "सायेब, तीन जागी लावलंय बघा, एका वळीत. गवतासाठी कोण असं लावतंय वं?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पाणवठ्याच्या मागं घळ अरुंद होते तिथं धावत गेलो तर वाघर, म्हणजे शिकारीचं जाळं, लावलेली, मातकट दोऱ्याची, बारीक काठ्यांवर उभी केलेली, धक्का लागला की अंगावर पडणारी. खालनं जाळ लावायचा, पाण्याच्या आसऱ्याला बसलेली जनावरं वर पळणार आणि सरळ जाळ्यात. माणसं पसार झाली होती. वाघरीत दोन ससे, एक मेलेला, दुसरा जिता पण मागच्या पायांचे तळवे भाजलेले. नानांनी आपला टॉवेल त्याच्या डोळ्यांवर टाकला तशी त्याची धडपड थांबली, मग एक एक गाठ कापत त्याला मोकळं केलं, पंधरा मिनिटं तरी लागली असतील. वाटेत तितराचं घरटं होतं, जमिनीवरच असतं ते, अंडी काळी पडून तडकलेली.

पंचनामा करताना एकजण म्हणाला, दोन सशांसाठी एवढं कशाला? त्याला सांगितलं, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फास लावणं, जनावर हाकणं, नुसता प्रयत्न करणं, ही सगळी शिकारच आहे. पुढं दोघं सापडले, केस झाली.

मला रात्री झोप लागली नाही. पाणवठ्याची जागा मीच निवडलेली, घळीत सावली असते, पाणी टिकतं म्हणून. दुष्काळानं सगळं रान त्या एका पाण्यापाशी गोळा केलं आणि जायला यायला वाट एकच, हे माझ्या आधी शिकाऱ्यानं ओळखलं.

भाजलेला ससा तिसऱ्या दिवशी मेला.

नाना आणि मी दोन दिवस खपून उघड्या माळावर तीन ठिकाणी उथळ खड्डे काढले, ताडपत्री अंथरली, कडेनं दगड लावले. शुक्रवारी टँकर आला, ड्रायव्हरनं विचारलं नेहमीच्या जागी ओतू का. नाना केबिनमध्ये चढून बसले आणि म्हणाले, "न्हाई, आता माळाकडनं घे."