क्रीम आणा की मामा

"पाणी झटक की रं आधी!" शाहूपुरीतल्या सलूनमध्ये मामा नव्या पोरावर खेकसले.

पोरानं दाढीचा निथळता ब्रश थेट साबणाच्या वडीवर फिरवलेला. नुसते बुडबुडे. मामांनी ब्रश घेतला, झटकला, वडीवर गोल गोल घासत राहिले. केसांच्या टोकांना घट्ट लगदा चढला, तेव्हा कुठं पाण्याचे दोन-चार थेंब. मग गालावर फेस आला तो सायीसारखा!

"आणि बोअरचं नको, नळाचं पाणी घे."

खरंच आहे. क्षाराच्या पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाला धरून बसतं, फेसाऐवजी चिकट साका उरतो.

पोरगं पुटपुटलं, "क्रीम आणा की मामा, लगेच फेस येतोय." तेही खोटं नाही. पण गालावर ब्रश घोळवत फेस काढताना दाढीही मऊ होते, त्याचं काय?

तुमच्याकडं अजून कोण वडी वापरतं?