तुम्ही विचारलंत म्हणून: रात्रभर जागता का?

पुण्यातून काम करते, टीम अर्धी सॅन फ्रान्सिस्कोला आणि थोडी बर्लिनला, एवढं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, मग रात्रभर जागता का? भाचीची मैत्रीण अशाच नोकरीत लागतेय, तिनेही हेच विचारलं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नाही जागत. आणि जागू नये असं माझं ठाम मत आहे, कारण एकदा तुम्ही रात्री दीडला मेसेजला उत्तर द्यायला लागलात की ती तुमची वेळच होऊन बसते, मग कोणी विचारतसुद्धा नाही.

आमचं गणित असं. उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोत सकाळचे आठ आणि बर्लिनला संध्याकाळचे पाच. तिन्हीकडची माणसं एकत्र भेटू शकतात ती एवढ्याच तासाभरात, त्यामुळे तो तास आम्ही फार जपतो. त्यात कुणी काल काय केलं याचा पाढा वाचायचा नाही, ते लिहून टाकायचं. तिथे फक्त वाद घालायचे, निर्णय घ्यायचे, अडलेलं सोडवायचं.

खरं काम चालतं ते दिवस संपताना लिहिलेल्या हँडओव्हरवर, म्हणजे काम कुठवर आलंय ते पुढच्याला सांगणाऱ्या नोंदीवर. "बिलाचा बग बघतेय, उद्या बोलू" असं लिहिलं तर समोरच्याचा अख्खा दिवस वाया जातो, कारण तो उठेल तेव्हा मी आवराआवर करत असेन. त्याऐवजी मी असं लिहिते: "बिलावर तारीख एक दिवस मागची येतेय, पण फक्त भारतातल्या पहाटे साडेपाचच्या आतल्या ऑर्डरवर. सर्व्हर यूटीसीत चालतो आणि आपण तारीख तिथूनच थेट उचलतो. टेस्ट लिहून ब्रँचवर टाकलीय, ती आत्ता फेल होते. जुनी बिलं दुरुस्त करायची की नाही हे तुम्ही ठरवा, मला दोन्ही चालेल." (यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे; ब्रँच म्हणजे कोडची वेगळी प्रत.) आता तिकडच्या माणसाला मला उठवायची गरजच नाही, सकाळी मी लॅपटॉप उघडते तेव्हा काम पुढे सरकलेलं असतं.

डेडलाइनचंही तसंच, नुसतं "शुक्रवार ईओडी" (एंड ऑफ डे, दिवसअखेर) लिहू नका, तिकडे शुक्रवारची दुपार असते तेव्हा आपला शनिवार उजाडायच्या बेतात असतो. तारीख, वेळ आणि शहराचं नाव लिहा. नुसतं आयएसटी (भारतीय प्रमाणवेळ) पण नको, इस्रायल आणि आयर्लंडवालेही आपापल्या वेळेला तेच लिहितात.

आणि घड्याळ बदलतं ते लक्षात ठेवा. आपल्याकडे नाही, पण अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी तास पुढे जातो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतो, युरोपात मात्र मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. म्हणजे मार्चमधले दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबर संपतानाचा एक आठवडा त्या दोघांमधलंच अंतर बदललेलं असतं, आणि हिवाळ्यात आमचा साडेआठचा कॉल साडेनऊला जातो. लहान मूल असलेल्या घरात या एका तासाने फार फरक पडतो हो, जेवण, झोपवणं सगळं त्यातच येतं.

म्हणून पुणे-कॅलिफोर्निया कॉल आम्ही फिरता ठेवलाय. एक महिना आम्ही रात्री बसतो, पुढच्या महिन्यात आपल्या सकाळी साडेसातला, तेव्हा तिकडे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे सात असतात (उन्हाळ्यात) आणि जेवणाची वेळ त्यांची मोडते. हे मागावं लागलं, आपणहून कोणी दिलं नाही. पण मागितल्यावर लगेच मान्य झालं, त्यांना आमच्या रात्रीचा अंदाजच नव्हता.

भाचीच्या मैत्रिणीला मी एवढंच सांगितलंय की ऑफर घ्यायच्या आधी दोन गोष्टी लेखी विचारून घे, रोज किती तास ओव्हरलॅप (सगळ्यांनी एकाच वेळी कामावर असणं) लागणार आणि नोव्हेंबरनंतर तो रात्री किती वाजेपर्यंत जाणार.