शटरमागची नोटीस – माझा अनुभव

मी खराडीला एका ऑफिसात इंग्लंडमधल्या क्लायंटची लायसन्सची कामं बघते, म्हणजे अर्ज भरायचे, तारखा सांभाळायच्या, फोटो फाइलला लावायचे. पब, टॅक्सी, खाण्याच्या गाड्या असलं तीन वर्षं केलं आणि मग २०२५ च्या मार्चमध्ये माझ्याकडे आला लॅप डान्सिंग क्लबचा, म्हणजे गिऱ्हाइकांसमोर कपडे उतरवून नाच होतो तसल्या क्लबचा अर्ज. घरी सांगायला जीभच रेटेना. शेवटी जेवताना आईला सांगितलं तर तिने फक्त एवढंच विचारलं की शेजारपाजारच्यांना आधी कळवतात का गं? बाबांनी लगेच पेपरातली जाहीर नोटीस काढून दाखवली, फ्लॅटच्या व्यवहाराची, १४ दिवसांत हरकत घ्या वगैरे, आणि म्हणाले, असलंच काहीतरी असेल तिकडे.

खरंच असंच आहे. तिकडे १९८२ चा कायदा आहे, त्याच्या तिसऱ्या परिशिष्टात हे सगळं येतं. आधी त्यात सेक्स शॉप आणि तसली थिएटरं होती, २००९ च्या कायद्याने असे नाचाचे क्लबही आले, अर्थात ज्या कौन्सिलने, म्हणजे तिकडच्या नगरपालिकेने, ती तरतूद स्वीकारली असेल तिथेच. अर्ज केल्यापासून ७ दिवसांच्या आत लोकल पेपरात जाहिरात द्यायची, जागेवर किंवा जागेजवळ २१ दिवस नोटीस लावायची, आणि लोकांना हरकत घ्यायला २८ दिवस. पोलिसांनाही प्रत जाते, अर्ज ऑनलाइन असेल तर ती कौन्सिलच पाठवतं.

आता यात जिथे पाय घसरतो ते सांगते. नोटिशीचे २१ दिवस अर्जाच्या तारखेपासून धरायचे, म्हणजे अर्जाचा दिवस हाच पहिला दिवस. हरकतीचे २८ मात्र अर्जाच्या तारखेनंतर मोजायचे. मी अर्ज सबमिट केला तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेबारा झाले होते, मी शीटमध्ये ४ मार्च टाकलं आणि नोटिशीवरही तेच छापून गेलं, पण तिकडे ३ तारखेचे संध्याकाळचे सात वाजले होते. क्लायंटने नोटीस लावली ४ ला सकाळी. म्हणजे पहिलाच दिवस हुकला आणि हरकतीची शेवटची तारीखही चुकीची, ३१ मार्च हवी तिथे १ एप्रिल. चूक माझी होती, दुसऱ्या दिवशी लक्षात आल्यावर पोटात गोळाच आला.

त्यातच क्लायंटने नोटिशीचा फोटो पाठवला. लॅमिनेट केलेला कागद, काचेला आतून चिकटवलेला, वर दिवा, अक्षर न् अक्षर दिसतंय. पण फोटो रात्रीचा होता. जागा म्हणजे आधीपासून चालणारा बार, संध्याकाळी उघडणारा, म्हणून मी म्हटलं दुपारी तीनचा एक फोटो द्या. तो आला आणि त्यात नुसतं शटर. करडं, खालपर्यंत ओढलेलं, कोपऱ्यात गंज. नोटीस त्याच्या मागे. कायद्यात शब्द आहेत की लोकांना सोयीने वाचता येईल अशा जागी. दिवसा तिथून मुलांना शाळेत सोडणारे जाणार, म्हातारी माणसं दुकानात जाणार, आणि ज्यांना वाचायचं त्यांनाच ती दिसणार नाही. आमचे सर म्हणाले, लावली आहे ना, कागदोपत्री चालून जाईल. मी म्हटलं सर, मला नाही पटत, आणि तारीखही चुकली आहे, ते लपवून पुढे गेलो तर कौन्सिलपुढच्या सुनावणीत कुणीतरी बोट ठेवणारच. त्यांनी क्लायंटच्या सल्लागाराला फोन लावला आणि अर्ज मागे घेऊन नव्याने करायचं ठरलं.

१० मार्चला आपल्या दुपारी तीनला, तिकडच्या सकाळी साडेनऊला, पुन्हा सबमिट केला. या वेळी नोटीस शटरच्या बाजूच्या भिंतीला बाहेरून, छातीच्या उंचीवर, व्हीलचेअरवरच्या माणसालाही वाचता यावी अशी. ३० मार्चपर्यंत रोज दुपारचा फोटो मागवला. कायद्यात असं रोज मागितलेलं नाही, पण मधेच कुणी फाडली तर कळायला नको? एकदा पावसाने कोपरा सुटला होता, तो त्याच दिवशी चिकटवून घेतला. जाहिरात १७ च्या आत आली.

हरकतीची मुदत ७ एप्रिलपर्यंत होती, शेवटच्या आठवड्यात एक आली. हरकत घेणाऱ्याचं नाव-पत्ता त्याच्या संमतीशिवाय अर्जदाराला कळवता येत नाही, त्यामुळे ते काळं केलेलं. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, नाहीतर शेजारी राहून कोण लिहील? आणि नुसतं हे वाईट आहे एवढं लिहून भागत नाही, परिसर कसा आहे, जवळ काय आहे, असं काहीतरी लागतं. त्या परिसरात असे क्लब किती असावेत हेही कौन्सिल ठरवू शकतं, अगदी शून्य सुद्धा. पत्रात लिहिलं होतं की मुलगी संध्याकाळी क्लासहून समोरच्या बसस्टॉपवर उतरते आणि भिंतीवरचा कागद तिनेच आधी वाचला.

ती ओळ मी दोनदा वाचली. पहिल्या अर्जात ती नोटीस तिला दिसली असती का कोण जाणे.

सुनावणीत क्लायंटने स्वतःच रात्री ९ नंतर उघडायचं आणि बाहेर चित्रं लावायची नाहीत हे कबूल केलं, त्या अटींवर लायसन्स मिळालं. ते जास्तीत जास्त एका वर्षाचं असतं, म्हणजे रिन्यूअलला पुन्हा जाहिरात, पुन्हा २१ दिवस. शीटमध्ये आता तारखेच्या शेजारी इंग्लंडच्या वेळेचा वेगळा कॉलम केलाय.